पोटाबाहेरचे पोट

समुद्रातून जे वर येते ते खाण्याजोगे आहे की नाही, या एकाच कसोटीवर आम्हां गोवेकरांचे सागरी प्राणिशास्त्र उभे आहे. पेडणे महालातील केरी, हरमल, मांद्रे, मोरजी यांपैकी कोणत्याही किनाऱ्यावर रापण ओढली जात असताना घटकाभर उभे राहावे, म्हणजे या शास्त्राचे प्रात्यक्षिक पाहावयास मिळते. बांगडे आणि तारले टोपलीत जातात, सुंगटे निराळी काढली जातात, कुर्ल्यांच्या नांग्या सांभाळून त्यांना उचलले जाते. आणि जाळ्याच्या तळाशी वाळूने माखलेला जो पाच भुजांचा, खरखरीत, कोणाच्याच उपयोगी न पडणारा जीव उरतो, तो पुन्हा लाटेकडे भिरकावला जातो. त्याला बाजारात भाव नाही आणि स्वयंपाकघरात ठाव नाही. फार तर एखादा विद्यार्थी तो उन्हात वाळवून शाळेत आणतो आणि मग वर्षानुवर्षे तो प्रयोगशाळेच्या कपाटात, फुटक्या परीक्षानळ्यांच्या शेजारी, धूळ खात पडून राहतो.

हाच तारामासा. नावात मासा असला तरी याला कणा नाही, कल्ले नाहीत आणि परही नाहीत. शालेय पुस्तकांत तो कंटकचर्मी प्राण्यांच्या संघात बसवलेला असतो. जगातील समुद्रांत त्याच्या सुमारे १९०० जाती आहेत. आम्ही मराठीचे विद्यार्थी. प्राणिशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला कोणत्याही वर्गावर उभे राहावे लागते, आणि असे उभे राहता राहता जे वाचावे लागले, त्यातून या उपेक्षित जीवाविषयी आमच्या मनात एक कुतूहल उत्पन्न झाले. त्याचे कारण त्याचे रूप नव्हे, त्याचे पोट हे होय.

तारामाशाचे तोंड त्याच्या खालच्या अंगाला, भुजा जेथे एकत्र येतात तेथे, अगदी मध्यभागी असते. त्यात दात नाहीत, जीभ नाही. तोंडानंतर एक आखूड अन्ननलिका, आणि तिच्यानंतर एकावर एक अशी दोन जठरे. खालचे जठर मोठे, पातळ आणि घड्या पडलेले, वरचे लहान. वरच्या जठरापासून प्रत्येक भुजेत पाचक ग्रंथींची एकेक जोडी गेलेली असते, म्हणजे पाच भुजांच्या तारामाशात अशा दहा ग्रंथी झाल्या. आपल्या शरीरात यकृत, स्वादुपिंड आणि लहान आतडे ही तिघे मिळून जी कामे करतात, त्यांपैकी बरीचशी या ग्रंथी एकट्याने करतात: त्या पाचकरस स्रवतात, पचलेले सत्त्व शोषून घेतात आणि अडीअडचणीसाठी साठवूनही ठेवतात. ज्याच्या हातांतच त्याचे यकृत आहे, असा हा प्राणी आहे.

परंतु खरे नवल पुढेच आहे. खडकाळ समुद्रात राहणाऱ्या अनेक जातींच्या तारामाशांचे आवडते खाद्य म्हणजे शिंपल्यांतील जीव. आपल्याकडे तिसऱ्या, खुबे, शिनाणे आणि कालवे यांच्यावर ज्यांचा जीव आहे, त्यांना ही आवड समजावून सांगण्याची गरज नाही. गृहिणी तिसऱ्या आदोळीवर फोडते, किंवा वाफ देऊन त्यांची तोंडे उघडविते. तारामाशाजवळ आदोळी नाही आणि चूलही नाही. तो शिंपल्यावर स्वार होतो, आपल्या भुजांखालच्या शेकडो नलिकापादांनी दोन्ही शिंपांना चिकटतो आणि ओढत राहतो. शिंपला दमतो आणि किंचित उघडतो. ती फट एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असली तरी पुरते. मग तारामासा आपले खालचे जठर तोंडावाटे बाहेर काढतो, पिशवी उलटी करावी तसे उलटे करतो, आणि त्या फटीतून आत सरकवतो. शिंपल्याच्या घरात शिरून जठर पाचकरस सोडते. तेथेच मांसाचा रस होतो, आणि काही तासांनी तो रस शोषून जठर पुन्हा स्वस्थानी परतते. मागे उरतात त्या दोन रिकाम्या शिंपा.

सर्वच तारामासे असे करीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आपल्या वाळूच्या किनाऱ्यांवर रापणीत जो सहसा सापडतो, ज्याच्या भुजांच्या कडांना फणीच्या दातांसारखे काटे असतात, तो अ‍ॅस्ट्रोपेक्टेन या कुळातला. त्याच्या नलिकापादांना चिकटण्याच्या चकत्या नाहीत; ते टोकदार असतात, वाळू उकरण्यासाठी. हा गृहस्थ जठर बाहेर काढण्याच्या भानगडीत पडत नाही. बारीक शंखशिंपले तो सबंधच गिळतो, आतील जीव पचवतो आणि टरफले ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने बाहेर टाकतो. त्याला दुसरी वाटच नाही. इतर बहुतेक तारामाशांना पाठीवर जे सूक्ष्म गुदद्वार असते, ते या कुळाला नसते. एकाच दाराने येणे आणि जाणे! वाळूत राहणाऱ्याने एक युक्ती योजली, खडकावर राहणाऱ्याने दुसरी. भूक दोघांना एकच, परंतु परिसर निराळा म्हणून पोटही निराळे.

आता एक गोष्ट सांगतो, ती पहिल्या प्रथम वाचली तेव्हा आम्हांस ती पटावयास वेळ लागला. रापणीतील त्या टोपलीत सुंगट, कुर्ली आणि तिसरी आहे, आणि बाहेर भिरकावलेला तारामासा आहे. या चौघांत माणसाचा सर्वांत जवळचा आप्त कोण? उत्तर आहे: तारामासा. गर्भ अगदी प्रारंभीच्या अवस्थेत, पेशींचा एक पोकळ गोळा असताना, त्याला पहिले छिद्र पडते. त्या छिद्राचे पुढे काय होते, यावर प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा फार पूर्वीच ओळखल्या गेल्या. एका शाखेत तोंड आधी घडते, असे जुने वर्गीकरण सांगे; सुंगटे, कुर्ल्या आणि शिंपले त्या शाखेत येतात. दुसऱ्या शाखेत पहिले छिद्र गुदद्वाराच्या जागी जाते आणि तोंड मागाहून निराळे उघडते. माणूस, मासा, पक्षी हे त्या दुसऱ्या शाखेतले, आणि तारामासाही तिच्यातलाच. अलीकडच्या जनुकीय अभ्यासानेही हे नाते पक्के केले आहे. आपला आणि त्याचा समान पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. इतक्या पिढ्यांनंतर सोयरसुतक कोण पाळतो, हे खरे. तरीपण लाटेत फेकला गेलेला तो जीव आपला भाऊबंद आहे, हे लक्षात असू द्यावे.

या भाऊबंदाच्या तुलनेत आपली पचनसंस्था म्हणजे एक मोठे, खात्यांत विभागलेले कार्यालयच म्हणावे लागेल. दात आणि लाळ यांच्यापासून तिचे काम सुरू होते. लाळ दिवसाकाठी एक ते दीड लिटर पाझरते. अन्ननलिकेतून घास जठरात उतरतो. जठरात आम्ल आणि पाचकरस यांनी त्याचे मंथन होते आणि तो पातळ होऊन थोडा थोडा पुढे सोडला जातो. जठरालगतच्या लहान आतड्यात यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतात. तेथून पुढे कित्येक मीटर लांबीच्या त्या वाटेवर खरे शोषण चालते. आतड्याच्या आतील घड्या आणि सूक्ष्म अंकुर उलगडून पसरले तर टेनिसचे मैदान भरेल, असे जुन्या पुस्तकांत लिहीत असत. २०१४ साली केलेल्या नव्या मोजणीत हे क्षेत्र तीस चौरस मीटरांच्या आसपास आले. मैदान नव्हे, परंतु एक लहान वर्गखोली खचित. शेवटी मोठे आतडे पाणी शोषून घेते आणि उरलेल्याची बोळवण करते. प्रत्येक खात्याचे काम ठरलेले, आणि सर्व कारभार कातडीच्या आत, बंद दाराआड.

हे दार एकदा उघडे राहिले, आणि त्यामुळेच जठराविषयीचे बरेचसे ज्ञान जगाला झाले. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर फरच्या व्यापारातील एका तरुण नोकराला, अलेक्सिस सेंट मार्टिनला, बंदुकीचा बार अगदी जवळून लागला. लष्करी शल्यवैद्य विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवले, परंतु जखम भरताना जठराची कड कातडीला जुळून तेथे एक कायमचे भोक राहिले. ब्यूमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे आणि भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडावे आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहावे. आतील रस काढून घेऊन त्यांनी तो कुपीत उबेवर ठेवला, त्यात मांस टाकले, आणि ते शरीराबाहेरही पचते हे दाखवून दिले. पचन म्हणजे केवळ दळणे नव्हे, ती रासायनिक क्रिया आहे, हे अशा रीतीने सिद्ध झाले. सेंट मार्टिन रागावलेला किंवा त्रासलेला असला म्हणजे त्याचे पचन बिघडते, अशीही नोंद त्यांनी केली. १८३३ साली हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या गरीब नोकराला मात्र आपल्या पोटाची खिडकी फारशी प्रिय नव्हती. तो वारंवार निघून जाई. आणि १८८० साली तो वारल्यावर, कोणी वैद्याने त्याचे शव फाडू नये म्हणून त्याच्या घरच्यांनी ते मुद्दाम काही दिवस ठेवून मगच पुरले.

पोटाबाहेर पचन होते, हे तारामासा कोट्यवधी वर्षे करीत आला. ब्यूमाँट यांनी ते कुपीत केले. परंतु वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरी ते रोज दोन वेळा होत असते, याचा विचार आपण करतो काय? येथे मात्र आम्ही आमच्या प्रांतात आलो, कारण ही गोष्ट भाषेने केव्हाच सांगून ठेवली आहे. संस्कृतातील पच् या एकाच धातूचे शिजविणे आणि पचविणे असे दोन्ही अर्थ आहेत. पाक, पक्वान्न, स्वयंपाक हे शब्द त्याच्यापासून आले, आणि पचन, पाचक, परिपाक हेही त्याच्यापासूनच. पाचक म्हणजे आचारी आणि पाचक म्हणजे पचनास साहाय्य करणारे चूर्णही. चूल आणि जठर ही दोन्ही एकच काम करतात, हे ज्यांनी शब्द घडवले त्यांना ठाऊक होते. जठरातही ते अग्नीच पाहत आले.

आधुनिक शास्त्र याहून निराळे सांगत नाही. उकडा तांदूळ कच्चा चावून पाहावा, आणि मग त्याचीच पेज प्यावी, म्हणजे अग्नीने आपले किती काम आधीच केले आहे ते कळेल. अग्नी पिष्ट फुगवतो, मांसाचे तंतू सैल करतो, आणि कित्येक कंदांतील विषे निष्प्रभ करतो. चिंपांझी दिवसाचे कित्येक तास नुसते चर्वणात घालवतो; माणसाचे तेवढ्यावरच भागते जेवढा वेळ पंगत चालते. हार्वर्ड विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, शिजवलेल्या अन्नामुळेच माणसाचे दात आणि आतडी लहान झाली आणि वाचलेली शक्ती मेंदूच्या कामी आली. हे नेमके केव्हा घडले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत; परंतु माणसाची पचनसंस्था त्याच्या देहाच्या मानाने इतर मोठ्या वानरांहून लहान आहे, ही वस्तुस्थिती आहे. जे काम पोटातून गेले ते चुलीवर आले. तारामासा आपले जठर घटकाभर बाहेर काढतो. माणसाने आपल्या जठराचा एक हिस्सा कायमचाच बाहेर काढून स्वयंपाकघरात ठेवला आहे.

परंतु या दोन बाहेरच्या पोटांत एक मोठा भेद आहे. तारामाशाचे जठर स्वतः अन्नापर्यंत जाते. माणसाचे जठर जागचे हलत नाही; अन्न त्याच्यापर्यंत कोणीतरी आणावे लागते. आणि हे बाहेरचे पोट एकट्याचे नसून सबंध घराचे असते. त्यात एक जण रांधतो आणि अनेक जेवतात. रांधणारी पुष्कळदा सर्वांच्या मागून जेवते, भांड्याच्या तळाशी जे उरले असेल ते. चूल विझली तर एकाच नव्हे, घरातील सर्वांच्या पचनाचे पहिले दालन बंद होते.

२०१२ साली आम्ही डिचोली तालुक्यातील एका शाळेत होतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरात राज्यातील खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि ज्यांच्या दारात ट्रक उभे होते त्यांच्या पोटावर पाय आला. रस्त्यावरची लाल धूळ बसली. घरोघरीचे हप्ते मात्र चालूच राहिले. पुढील काही महिन्यांत आमच्या कार्यालयात तिसऱ्या तासाला मुले येऊ लागली. तक्रार एकच: ‘सर, पोटात दुखता.’ कोणी पोट धरून बसे, कोणी भिंतीला टेकून उभा राही. आमच्या एक वडीलधाऱ्या शिक्षिका होत्या. त्यांनी औषधाच्या डब्याला हात लावला नाही. त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत, ‘सकाळी किते खाल्ले?’ उत्तर बहुधा असे, ‘च्या.’ काही उत्तरच देत नसत, बुटांकडे पाहत. उपाशी जठरात आम्ल साचते आणि रिकाम्या भिंती आवळत राहतात. त्या वेदनेला मूल दुखणे म्हणते, कारण भूक लागली असे म्हणण्याची त्याला लाज वाटते. शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढली, मध्यान्ह भोजन पुरविणाऱ्या महिला गटातील दोन बायांनी आपण होऊन लवकर येण्याचे कबूल केले, आणि पहिल्या सुट्टीत पेजेचे भांडे ठेवले जाऊ लागले. कोणाला बोलावले जात नसे आणि कोणाची नावे लिहिली जात नसत. तिसऱ्या तासाचे दुखणे हळूहळू कमी झाले.

त्याच वर्षाअखेर मुलांची सहल केरीला नेली होती. साखळीपलीकडचे केरी नव्हे, पेडण्याचे, तेरेखोलच्या मुखाशी असलेले. डिचोलीची पुष्कळ मुले समुद्र असा सहलीतच पाहतात. वाळूत एक जिवंत तारामासा सापडला. आमच्या विज्ञानशिक्षकांनी तो हातावर घेऊन त्याची पाठ, तोंड दाखवले, आणि याचे काही भाऊबंद पोटच बाहेर काढून जेवतात, हे सांगितले. बाकीची मुले हसली. तिसऱ्या तासाला येणाऱ्यांपैकी एक मुलगा मात्र हसला नाही. त्याने विचारले, ‘सर, हाका जेवण वाडपाक कोणूच नाका?’ याला वाढायला कोणीच लागत नाही का, असा तो प्रश्न होता. शिक्षकांनी ‘नाका’ म्हणून सांगितले आणि तारामासा पाण्यात सोडला. मुलगा तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला. त्याच्या मनात त्या वेळी काय आले असेल, हे आम्ही विचारले नाही. परंतु प्राणिशास्त्राचा इतका मार्मिक प्रश्न आमच्या कानी त्यानंतर पडलेला नाही.

तो प्रश्न मनात असतानाच २०२१ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. माणसाच्या लहान आतड्यात अन्न उतरले की कोलेसिस्टोकायनिन नावाचे एक द्रव्य रक्तात सोडले जाते. १९२८ साली ते प्रथम ओळखले गेले. पित्ताशयाला ते आकुंचनाची सूचना देते, आणि मेंदूला कळवते की आता थांबावे. हा निरोप पोहोचण्यास काही वेळ लागतो. म्हणूनच सावकाश जेवावे, असे वडील माणसे सांगत आली. लंडनमधील क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांना त्याच जातकुळीचे द्रव्य तारामाशात आढळले. ते टोचले असता तारामाशाचे जठर आवळते आणि त्याचे खाणे मंदावते. पन्नास कोटी वर्षे निराळे राहिलेले दोन भाऊबंद, एकाला डोके आहे आणि दुसऱ्याला नाही, एकाचे पोट आत आणि दुसऱ्याचे बाहेर. तरी ‘पुरे’ म्हणण्यासाठी दोघांच्या देहात एकाच घराण्याचा शब्द आहे.

आपल्या पंगतीत दोन शब्द ऐकू येतात. एक ‘पुरे’, आणि दुसरा त्याच्या आधीचा, ‘वाढू?’ पहिला शब्द आपल्याला आणि तारामाशाला वारशाने मिळाला आहे. तो न शिकवताही देह उच्चारतो. दुसरा कोणत्याही ग्रंथीतून पाझरत नाही. तो प्रत्येक घराने, प्रत्येक गावाने आणि प्रत्येक शाळेने आपल्या मुलांना शिकवावा लागतो, आणि तो शिकवण्याची रीत एकच आहे: त्यांनी मागण्यापूर्वी त्यांना वाढणे.